जवारीतली गोळी

(लोहा येथे महासंघाच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज मी एका गोळीबद्दल बोलणार आहे. कुणी तिला धान्याची गोळी म्हणतं, कुणी सल्फासची गोळी, कुणी नुसतंच औषध. सुगी झाली, जवारी, गहू, हरभरा कट्ट्यात भरला, की मधोमध एक गोळी चिंधीत बांधून ठेवायची आणि वर्षभर सोंड्यांची काळजी सोडायची, अशी आपली रीतच पडली आहे. हात वर करायला सांगत नाही. मी तुमच्या घरी, तुमच्या कोठीशेजारी बसून जेवलेय. मला माहीत आहे.

अजून एक गोष्ट मला माहीत आहे. आपल्या काही गटांनी ही गोळी एकत्र विकत आणून सभासदांना वाटली. ती कल्पना माझी होती. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी मी या कामात नवीन होते. शिक्षण नुकतंच संपलेलं, वहीत सगळं लिहिलेलं, सामूहिक खरेदी, सामूहिक विक्री. एका गटाच्या बैठकीत विषय निघाला की दुकानदार गोळीला फार पैसे घेतो. मी म्हटलं, मग गटानेच एकत्र आणा की, स्वस्त पडेल. सगळ्यांना पटलं. अध्यक्षा ताई बाजाराच्या दिवशी जाऊन डबा घेऊन आल्या. बिल नाही, काही नाही. सचिव ताईंच्या घरात, मिठाच्या बरणीशेजारी तो डबा ठेवला आणि कुणाला चार, कुणाला सहा अशा गोळ्या कागदात बांधून दिल्या. गटाला थोडे पैसे सुटले. मी महिन्याच्या अहवालात 'सामूहिक खरेदीचे चांगले उदाहरण' असं लिहिलं. तो कागद ऑफिसच्या फाईलमध्ये अजून असेल.

त्याच गटातल्या एका ताईंच्या घरी बारा कट्टे जवारी होती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आतल्या खोलीत कट्टे, बाहेरच्या खोलीत सून आणि चार वर्षांचं लेकरू. मधे दार नाही, साडीचा पडदा. त्या रात्री अवकाळी आला, वारा सुटला, म्हणून दार-खिडकी लावून ते झोपले. सासूबाई आणि मुलगा ओसरीत होते. पहाटे लेकराला उलट्या सुरू झाल्या. सुनेचं डोकं फुटायला आलेलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं. घरच्यांना वाटलं, रात्रीचं वरण बाधलं. जीप करून दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, घरात काही औषध मारलं का? सगळे नाही म्हणत होते. ते खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे शेतात फवारायचं ते. गोळी ही त्यांच्या लेखी मिठा-हळदीसारखी घरातली वस्तू. दुपारी सासूबाईंना आठवलं, "जवारीत तेवढी गोळी टाकलीया."

लेकरू वाचलं, सूनही वाचली. पाच दिवस दवाखान्यात काढले आणि गटातून घेतलेलं अंतर्गत कर्ज त्यातच गेलं.

पुढच्या बैठकीत सगळ्याजणी सचिव ताईंवर तुटून पडल्या. तू आणल्या, तू वाटल्या. मी तिथेच बसले होते आणि मी तोंड उघडलं नाही. सचिव ताईंनीही माझं नाव घेतलं नाही. मला फाट्यावर सोडायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आमाला वाटलं सरकारी असतंय."

आज त्या इथे बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. आता गोळीकडे वळू.

या गोळीत ॲल्युमिनियम फॉस्फाईड नावाचं रसायन असतं. कोरडी असेल तोवर ती गप्प बसते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघायला लागतो. कीड मरते ती या वायूने. आपण जी गोळी वापरतो ती ३ ग्रॅमची असते आणि तिच्यातून साधारण १ ग्रॅम वायू बाहेर पडतो. वायू निघून गेला की मागे राखाडी भुकटी उरते. आपण तीच भुकटी बघतो आणि म्हणतो, गोळी विरघळली, काम झालं. पण त्या भुकटीतही थोडं विष शिल्लक असू शकतं. ती हाताने झटकून, चिंधी धुऊन पुन्हा वापरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

वायूला चिंधी अडवत नाही, तागाचं पोतं अडवत नाही, पडदा तर नाहीच नाही. लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास आला तर समजायचं की वायू सुटलेला आहे. पण वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं उलटं समजू नका. ओलावा लागला की गोळी जोर धरते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पावसाच्या रात्री काय झालं असेल ते कळेल.

आता मला गावोगावी विचारतात, "अवो ताई, गोळी न्हाई टाकली तर जवारी राहती का? सोंडे पीठ करून ठिवतेत." बरोबर आहे. पण मला सांगा, गोळी टाकूनही श्रावण लागता लागता सोंडे दिसतातच की नाही? माझ्या पाहण्यातल्या निम्म्या घरांत दिसतात. त्याचं कारण समजून घ्या.

सरकारी गोदामात हीच गोळी वापरतात, पण कशी? पोत्यांची थप्पी जाड प्लास्टिकने पूर्ण झाकतात. कडेने जमिनीवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबून ठेवतात, म्हणजे वायू बाहेर पडणार नाही. आठवडाभर बंद ठेवतात. बाहेर धोक्याची पाटी लावतात, आत कुणी जात नाही. मग उघडून हवा खेळू देतात. काम करणारी माणसं शिकलेली असतात, त्यांच्या तोंडावर वायूचा मुखवटा असतो, साधा रुमाल नव्हे. आणि एवढं करून एका टनाला दोन-तीन गोळ्या. टन म्हणजे वीस कट्टे. आपण एका कट्ट्याला एक टाकतो, म्हणजे टनाला वीस. त्यांच्या सात-आठ पट वायू आपण घरात सोडतो, तोही उघड्यावर. तो कट्ट्यात टिकत नाही, माणसांच्या खोलीत येतो. किड्याला थोडाथोडाच मिळतो, म्हणून तो मरत नाही आणि त्याची पुढची पिढी आणखी चिवट होते.

या विषावर उतारा नाही. सापाला लस आहे, फवारणीच्या काही औषधांवर दवाखान्यात ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. फॉस्फीनवर तसं काहीच नाही. डॉक्टर ऑक्सिजन देतात, सलाईन लावतात, हृदय आणि श्वास सांभाळतात, बाकी शरीराने लढायचं.

आता कायद्याचं सांगते. पेंगू नका, कारण यात आपला गटही अडकतो.

१९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभराहून जास्त माणसं मेली. पीठ खराब नव्हतं. जहाजातून माल येत असताना पिठाच्या शेजारी पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक होतं, ते सांडून पिठात मुरलं. या घटनेनंतर देशात कीटकनाशकांसाठी वेगळा कायदा हवा, असं ठरलं आणि १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. त्याचे नियम १९७१ चे. कायद्याची सुरुवातच धान्य आणि विष एकमेकांशेजारी ठेवण्यातून झाली आहे, आणि आपण आजही जवारीत बोट घालून तेच करतो.

या कायद्याखाली कीटकनाशक विकायला परवाना लागतो. बिनपरवाना विकलं तर दंड आहे, तुरुंग आहे. गटाने डबा आणून सभासदांना पैसे घेऊन गोळ्या दिल्या, ती विक्रीच झाली. "आम्ही नफा घेतला न्हाई" हे तिथे चालत नाही. आणि ही गोळी तर दुकानदारानेसुद्धा तुम्हा-आम्हाला विकायची नाही. ५६ टक्क्यांची, ३ ग्रॅमची ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी वापरायची परवानगी आहे ती सरकारी खात्यांना, सरकारी संस्थांना आणि पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्या परवानाधारकांना, तेही मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. १० आणि २० गोळ्यांच्या लहान ट्यूब येत होत्या, त्यांच्यावर २००१ सालीच पूर्ण बंदी आली. लहान ट्यूब म्हणजे घरात शिरायची सोय, म्हणूनच ती बंदी. पण दुकानात मोठा डबा फोडून सुटी गोळी कागदात मिळते. त्या कागदावर ना धोक्याची खूण, ना तारीख, ना कंपनीचं नाव. मग उद्या काही झालं तर डॉक्टरला दाखवणार काय?

एक विषय मी आज काढणार नव्हते, पण तो सोडून ही गोष्ट पूर्ण होत नाही. आपल्या भागात घरोघरी दुःख आहे, कर्ज आहे, भांडणं आहेत. माणसाच्या आयुष्यात एखादी वाईट घटका येते आणि बहुतेक वेळा ती टळून जाते. ती घटका आली तेव्हा हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. तिथली दुःखं एकदम संपली असं नाही, विष लांब गेलं. तेव्हा घरात गोळी नको, हे मी फक्त सोंड्यांसाठी म्हणत नाही. कुणाचं मन फार खचलेलं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मग धान्याचं काय करायचं? मला सगळ्यात आवडलेलं उत्तर पेनूरकडच्या एका आजीने दिलं. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला पेव व्हतं. पेवात कुटली गोळी?" तुमच्यातल्या वयस्कर मावश्यांना आठवत असेल. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-भुसा लावलेला, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतली हवा संपली की किडे आपोआप मरायचे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवस-दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल, हे त्या लोकांना शाळेत न जाता माहीत होतं. हवा बंद करायची, पण माणूस त्या हवेत जाऊ द्यायचा नाही. आपण पेव बुजवलं आणि हे शहाणपणही बुजवलं.

आता पेव खणा असं मी म्हणत नाही. तीच युक्ती पिशवीत आली आहे. हवाबंद साठवणीच्या पिशव्या मिळतात, जाड प्लास्टिकची आतली पिशवी आणि बाहेरून साधं पोतं. धान्य भरायचं, दाबून हवा काढायची, तोंड पिळून घट्ट बांधायचं. आतले किडे आहे ती हवा संपवतात आणि मरतात. दोन अटी आहेत. एक, धान्य चांगलं वाळलेलं पाहिजे, नाहीतर बुरशी येईल. दोन, रोज उघडून शेर-दोन शेर काढायचं नाही. रोजच्यासाठी वेगळा डबा, पिशवी महिन्यातून एकदाच उघडायची. आणि उंदरापासून जपायचं, एक भोक पडलं की पिशवी वाया. गोळीऐवजी ही पिशवी एकत्र खरेदी करा. इथे माझी सामूहिक खरेदीची वही चालेल.

पिशवीला पैसे नसतील तर जुनं करा, पण नीट करा. निम्मी कीड वाळवण्यातच मरते. कडक उन्हात, ताडपत्रीवर पातळ पसरून, दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत. ओलसर दाण्यात सोंडे लवकर होतात. ऊन दिल्यावर धान्य गरम असतानाच भरू नका, निवू द्या. जुने बारदान उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, कारण मागच्या वर्षीचे किडे त्याच्याच शिवणीत बसलेले असतात. कोठीच्या फटी लिंपून घ्या. कट्टे जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, खाली फळ्या टाका. हरभरा-तूर भरडून डाळ करून ठेवली तर भुंगा कमी लागतो, अख्ख्या दाण्याला खायचं तेल चोळून ठेवता येतं. बियाण्याला राख चालते. लिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथराने घाला, पण पाल्याने सगळं भागेल असं मी सांगणार नाही, त्याने मदत होते एवढंच. पंधरा दिवसांनी हात घालून बघत राहायचं.

माल जास्त असेल, गटाने हरभरा किंवा सोयाबीन विकायला धरून ठेवला असेल, तर तो कुणाच्या माजघरात ठेवू नका. वखार महामंडळाच्या गोदामात ठेवता येतो. तिथे कीड सांभाळणं त्यांचं काम, पावती मिळते, त्या पावतीवर तारण कर्जही मिळतं. भाडं पडतं हे खरं, पण त्या पाच दिवसांच्या दवाखान्याचं बिल मी पाहिलं आहे.

आपल्या स्वतःच्या डाळमिलच्या खोलीला खरोखरच औषधाची गरज पडली, तर पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, पण कोण आला आहे ते बघून. हल्ली गाडीवरून पंप घेऊन फिरणारे येतात. वाळवी, ढेकूण, झुरळं, सगळ्याला एकच औषध. या धंद्याला कृषी खात्याचा परवाना लागतो. धंदा करणाऱ्याकडे शेती किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण आणि त्या कामाचं प्रशिक्षण असावं लागतं. कामगाराला हातमोजे, मुखवटा देणं ही मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा लाजू नका. परवाना दाखवा म्हणा. कोणतं औषध मारणार, त्याची बाटली दाखवा म्हणा, लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. किती तास बाहेर राहायचं, विचारा. पक्कं बिल घ्या. एवढं विचारल्यावर जो चिडला, त्याला दारातूनच परत पाठवा. पुण्या-बंगळुरूकडे बंद फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोलनंतर माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे शिकलेली माणसं होती.

ढेकणांवर पूर्वी सर्रास नुवान मारायचे, म्हणजे डायक्लोरव्हॉस. त्याच्यावर आणि थिमेट, म्हणजे फोरेट, याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. थिमेट आपल्याकडे हळदीला, उसाला पोत्याने पडायचं. अजून कुणाच्या गोठ्यात जुना डबा असेल तर "थोडं उरलंय, वापरून टाकू" म्हणू नका.

शेतातल्या फवारणीबद्दल थोडं बोलते. तो विषय मोठा आहे, कृषीसखींचं वेगळं सत्र घेऊ. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात कपाशी फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगात संरक्षणाचं काही नाही. मेलेले बहुतेक पुरुष होते, म्हणून आपल्याला वाटतं हा पुरुषांचा विषय. पण पंपात पाणी कोण ओततं? औषध काठीने कोण कालवतं, कधी कधी हातानेसुद्धा? दुसऱ्या दिवशी त्याच रानात निंदायला कोण जातं? फवारणीचे कपडे घरच्या लुगड्यांसोबत एकाच टोपल्यात कोण धुतं? बाटलीला धुऊन तेल ठेवायला कोण घेतं? बाईच्या अंगात विष थोडं थोडं जातं आणि तिची डोकेदुखी कुणी नोंदवत नाही. बाई म्हणते, ऊन लागलं.

म्हणून बाटलीवरचा त्रिकोण ओळखा. लाल सगळ्यात जहाल, त्यावर कवटी असते. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी जहाल एवढंच. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात विषबाधा झाली तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. ते फेकू नका. ज्या रानात औषध मारलं, तिथे किती दिवस जायचं नाही ते निंदायची बोली करतानाच विचारा. मालकाने "काही होत न्हाई" म्हटलं तर गटाने मिळून नाही म्हणा. एकटीने नाही म्हटलं तर तिचा रोज बुडतो, दुसरी जाते. इथेच गटाचा उपयोग आहे.

कुणाला काही झालंच, तर १०८ ला फोन करा. खोलीत वायू असेल तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि आणायला जाणारीने त्या खोलीत रेंगाळू नका. पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजू नका, उलटी काढू नका, दूध-तूप काही देऊ नका. डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा. 'औषध मारलं का' असं विचारलं नाही तरी आपणहून सांगा, गोळी टाकली होती, फवारा मारला होता. लेबलचा फोटो दाखवा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते. मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक माणूस, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. दुःखात हे ३० दिवस जातात, म्हणून ग्रामसंघाने लक्षात ठेवायचं. पण इथे बसलेल्यांपैकी जिच्या घरात सातबाराच नाही, जी रोजाने जाते, ती यात येत नाही. मला हे पटत नाही. विष तिच्या अंगावरही तेवढंच पडतं. आपल्या महासंघाच्या वार्षिक सभेत याचा ठराव घ्यावा, असं मी अध्यक्षा ताईंना सुचवलं आहे.

ड्रोनबद्दल दोन शब्द, कारण माळाकोळीच्या ताईंनी सकाळीच विचारलं. नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला फवारणीचा ड्रोन मिळतो, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि त्यातले पाच दिवसच उडवायचे, दहा दिवस खत-औषध फवारणीचे आहेत. यावरूनच समजा की उडवण्यापेक्षा औषध जड आहे. ड्रोन घ्यावा की नाही, हे गटाने ठरवावं, मला तो आवडतो. पण ज्या दिवशी घेऊ, त्या दिवसापासून आपण पाणी आणून देणाऱ्या बाया राहणार नाही, औषध मारणाऱ्या होऊ. वारा कुठे वाहतोय, शेजारच्या रानात बाया निंदतायत का, जवळ विहीर आहे का, हे बघायची जबाबदारी आपली.

आता शेवटचं काम. तुमच्यापैकी कुणाच्या घरात गोळ्या शिल्लक असतील, तर आज घरी जाऊन त्या विहिरीत, नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका. जाळू नका. पाण्यात तर अजिबात नाही, पाणी लागलं की वायू सुटतो. आहे त्या बंद डब्यात, आहे तशा, माणसं-जनावरं राहतात तिथून दूर, कोरड्या जागी, कुलपात. लेकरांचा हात पोचणार नाही असं. कागदात सुट्या असतील तर त्यांना उघड्या हाताने कुरवाळत बसू नका.

पुढच्या गुरुवारी इथेच कृषी सहायक येणार आहेत. या गोळ्या कुठे आणि कशा जमा करायच्या ते त्यांच्याशी बोलून ठरवू. त्या दिवशी प्रत्येक गटाच्या सचिवाने एक चिठ्ठी आणायची. कुणाच्या घरी किती गोळ्या आहेत, डब्यात की सुट्या, बस एवढंच. दुकानदाराचं नाव लिहायची गरज नाही आणि कुणावर केस करायची नाही. फक्त चिठ्ठी आणा. गोळ्या पिशवीत घालून एसटीत बसून येऊ नका. मागे एकदा मी "नमुना घेऊन या" म्हटलं तर कापसीच्या मावशी कंबरेला बांधून घेऊन आल्या होत्या.

आपल्या त्या गटाची चिठ्ठी सचिव ताईंनी आजच आणली आहे. डब्यात अकरा उरल्या आहेत.